सोळावी हरकत

१

घंटाकाका पालथे पडले होते आणि त्यांचा उजवा हात अजून दाराच्या दिशेने लांबलेला होता. सुटणारी गाडी थांबवायला माणूस हात करतो, तसा.

गाडी मात्र कुठे सुटणारी नव्हती. सात नंबरची नवी ट्राम चाचणीच्या यार्डात मधल्या रुळावर निपचित उभी होती. आतले दिवे विझलेले, पंखे थांबलेले, काचांवर दुपारच्या तीनचं पांढरं ऊन. काँक्रीट नुकतंच धुतलं होतं आणि काकांच्या शर्टाने पोटाखालचं पाणी हळूहळू टिपून घेतलं होतं.

यार्ड रोज अडीचला धुतलं जाई. धुणाऱ्या बाईला सगळे पाईपवाली म्हणत. ती पाईप गुंडाळून ठेवून परत आली तेव्हा तिला काका दिसले. आधी तिला वाटलं, चाकं बघायला आडवे झालेत. नव्या गाडीची चाकं बघायची तर माणसाने लोटांगणच घालायला हवं, असं काका उठताबसता म्हणत. दोन हाका मारूनही ते उठले नाहीत, तेव्हा तिने पाणी न सांडता आणलेली बादली तिथेच सोडून दिली.

काका चाचणीचे मुख्य ड्रायव्हर होते. वय एकोणसाठ. रिकाम्या यार्डातही गाडी हलवण्याआधी तीनदा घंटा वाजवायचे, म्हणून ते नाव. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. पोलीस आले, कागद वाचला, गेले. संध्याकाळपर्यंत यार्डात अशीही कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याने हृदयाचं दुखणं लपवून नोकरी टिकवली होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, वाहन-सुरक्षा खात्याच्या तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पदार्थविज्ञान शिकून मोजमापाच्या कामात आलेल्या. त्यांच्या पिशवीत कायम पोलादी पट्टी असे, त्यामुळे पाठीमागे त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. नव्या ट्रामना रस्त्यावर सोडायचं की नाही, याच्या कागदावर त्यांची सही लागणार होती. मुदत गुरुवारी दुपारी बारापर्यंत. आठ महिने रखडलेल्या गाड्या शुक्रवारी दहा वाजता धावणार होत्या, आणि पहिल्या फेरीत शाळेतली दोनशे मुलं बसणार होती.

त्या आधी शवागारात गेल्या.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर म्हणाले.

"ते शेवटी सगळ्यांचंच पडतं. का पडलं?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. बाईंनी काकांचा उजवा हात उलटा करून पाहिला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यात मोहरीएवढा पांढरट, कडक डाग होता.

"घट्टा असेल. आयुष्यभर हँडल फिरवलेला माणूस."

"घट्टा तळहाताला पडतो. बेचक्यात नाही."

काकांचे बूट कोपऱ्यात ठेवले होते. जुन्या पद्धतीचे, टाचेला खिळे ठोकलेले. बाईंनी डावा बूट खिडकीशी नेला. सात खिळे नुसतेच झिजून चकचकीत झाले होते. आठव्याचं डोकं मोरपिशी निळं पडलं होतं.

पोलाद असं निळं व्हायला तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. हृदयाच्या झटक्याने बुटाचे खिळे तापत नाहीत.

२

मुख्य इंजिनिअरना यार्डात नुसतं साहेब म्हणत. ते बाईंना सात नंबरच्या आतच भेटले. डोळ्यांखाली काळं, दाढी घाईत केलेली.

"मी स्वतः अडीचला दांडी पाडली," ते म्हणाले. छतावरची तारेला टेकणारी दांडी, जिच्यातून गाडीला वीज मिळते. "मग ऑफिसात जाऊन फोनवर बसलो. तीनच्या पुढे ओरडा ऐकू आला. गाडी मेलेली होती, बाई. दिवे बंद, पंखे बंद. कुणालाही विचारा."

बाईंनी दाराचा खांब बोटाने वाजवून पाहिला. स्वच्छ, उघडं स्टील.

"याला प्लास्टिकचं पिवळं आवरण होतं ना?"

"सोलवटायला लागलं. नवं मागवायचं तर सात आठवडे गेले असते. तुमच्याच ऑफिसने मंजूर केलं उघडं स्टील." साहेब थकल्यासारखं हसले. "एकेक गोष्ट सांगतो. पहिल्या गाडीचं दार थांब्याला घासलं, दोन महिने गेले. मग ब्रेक. ओल्या रुळावर गाडी चार मीटर पुढे जाऊन थांबायची, म्हणून मी चाकांपुढे पडणाऱ्या वाळूची व्यवस्था बदलली. त्यात दीड महिना. आणि त्यावर काकांच्या हरकती. पंधरा! ही त्यांची वही."

वहीत टपोऱ्या अक्षरात हरकती लिहिल्या होत्या. तिसरी, आरसा हलतो. नववी, चाकं झाकणारी झालर कापा, ड्रायव्हरला चाकं दिसली पाहिजेत. चौदावी, घंटेचा आवाज घंटेसारखा नाही.

"जुनी माणसं," साहेब म्हणाले. "यांच्या एकेक समजुती असतात. शिट्टी वाजवायची नाही, वाळूवर पाय टेकवत उतरायचं नाही. आम्ही हसायचो. आता हसवत नाही." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "शुक्रवारी सकाळी सगळा मार्ग धुऊन काढणार आहेत, पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत. उशीर झाला तर झाला, पण लोकांना गाडी आरशासारखी दिसली पाहिजे. तुमची सही तेवढी..."

"उद्या बाराला."

साहेब आधी उतरले. दारात क्षणभर थांबले, दोन्ही पाय जोडले आणि शाळकरी पोरासारखी उडी मारून काँक्रीटवर धप्पकन उभे राहिले. बाई मात्र खांबाला धरून एकेक पाय टाकत उतरल्या. साहेब वयाच्या मानाने चपळ आहेत, एवढंच त्यांच्या मनात आलं.

वही पिशवीत टाकताना मागून कुणीतरी म्हणालं, "पंधरा नाहीत, बाई. सोळा आहेत."

३

पाईपवाली भिंतीला टेकून उभी होती. हातात खराटा, दांडा जमिनीवर, काड्या आभाळाकडे.

"मंगळवारी दुपारी काका माझ्याशेजारीच जेवले. म्हणाले, आज सोळावी टाकली, साहेबांच्या टेबलावर नेऊन दिली. म्हटलं, काय लिहिलंत? तर म्हणाले, तू पाणी मार, तुला कळायचं नाही. म्हटलं, मला कळत नाही म्हणूनच यार्ड चकाचक असतं, कळणाऱ्यांनी आठ महिने काय केलं?" ती हसली आणि लगेच तिने ओठ मिटले. "हेच आमचं शेवटचं बोलणं."

"तुम्ही आलात तेव्हा गाडीत काही चालू होतं?"

"काही नाही. पार मेलेली. दारावरचा बारका हिरवा दिवा तेवढा लागलेला."

बाईंनी ते लिहून घेतलं.

"आणि माझा खराटा कुणीतरी वापरला होता. मी काड्या वर करून ठेवते. काका उचलून नेल्यावर बघते, तर काड्या खाली, दांडा वर. नवऱ्याने चोरून माझा चहा प्यायला की मला कप बघून कळतं, तसं हेही कळतं."

बाई गुडघ्यांवर बसल्या. यार्डातल्या सगळ्या रुळांवर बारीक गंजाची तांबूस साय होती. सात नंबरच्या गाडीच्या बाजूने मात्र रूळ आणि काँक्रीट स्वच्छ झाडलेलं होतं. रुळाच्या खाचेत थोडे दाणे राहिले होते. त्यांनी ते चिमटीत धरले. कोरडी, भाजलेली, एकसारखी चाळलेली वाळू.

डिझायनर मुलगी तिथेच आली. तिशीची, मोठ्या चष्म्याची, रडून डोळे सुजलेली.

"काका नि मी रोज भांडायचो," ती आपणहून म्हणाली. "झालरीवरून. लोकांना चाकांची भीती वाटते, मॅडम. चाकं झाकली की गाडी तरंगल्यासारखी दिसते. काका म्हणायचे, अगं, गाडी तरंगायला ती काय होडी आहे? जमिनीवर टेकलेली दिसू दे की. ते नववी हरकत मागे घेत नव्हते, आणि झालर कापायची म्हणजे आणखी तीन आठवडे. काल सकाळी मी त्यांना म्हटलं..."

"काय म्हटलंत?"

"म्हटलं, तुम्ही एकदाचे रिटायर व्हा."

झालर जमिनीपासून चार बोटांवर संपत होती. तिच्याआड चाकंही दिसत नव्हती आणि चाकांखाली काय आहे तेही. प्रत्येक चाकापाशी झालरीला एक झडप होती. बाईंनी पहिली उघडली, वाकून आत पाहिलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"शेडमास्तरांना बोलवा," त्या म्हणाल्या. "मला ही गाडी हातभर पुढे सरकवून हवी आहे."

४

शेडमास्तर म्हणजे काकांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. सात महिने दोघं बोलत नव्हते; चाचणीची जागा आपल्याला मिळायला हवी होती, असं मेहुण्याला वाटे. यार्डात दोघं एकमेकांना निरोप पाठवायचे तेही पाईपवालीमार्फत.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," तो म्हणाला. "ताईने कालच विचारलंय. वर म्हणाली, लोक म्हणतात यांनी दुखणं लपवलं. या माणसाने आयुष्यात वाढदिवस सोडून काही लपवलं नाही."

"दारावरचा हिरवा दिवा कधी लागतो?"

त्याच्या कपाळावर आठी पडली. "वीज एकाएकी गेली तर. दांडी बटण दाबून रीतसर पाडली की सगळंच विझतं, हिरवा लागत नाही. तो लागतो फक्त झटका बसला तर. आणि एकदा लागला की शेडच्या किल्लीशिवाय विझत नाही. काल संध्याकाळी मीच विझव..." तो मध्येच थांबला. "मीच विझवला. सवयीने. तो का लागला, हे डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे अडीचला कुणी रीतसर दांडी पाडली असेल तर तो लागायला नको होता."

"नको होता."

"वाळूच्या पेट्या कधी भरल्या?"

"मंगळवारी सकाळी. आठही, काठोकाठ. मी स्वतः."

बाईंनी आठ पेट्यांत पट्टी उभी केली. आठही वीतभर उतरल्या होत्या, एकमेकींत जेमतेम एका बोटाचा फरक. निसटत्या चाकांना पकड यावी म्हणून जोराचा ब्रेक लागला की चाकांपुढे आपोआप वाळू सुटते. एका ब्रेकला एवढी जात नाही. कुणीतरी मंगळवारी दुपारी पाठोपाठ ब्रेक मारून पाहिले होते.

मग लोखंडी पहारी लावून चौघांनी गाडी हातभर पुढे ढकलली. जिथे चाकं टेकलेली होती, तिथे रुळावर पिठासारखा पांढरा थर होता. पुढच्या चाकापाशी एक, मागच्यापाशी एक. बाई चालत गेल्या, मोजत गेल्या. पलीकडच्या बाजूलाही तेच. आठ चाकं, आठ पांढरे ठिपके.

"बाजूची वाळू झाडली," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण खराटा चाकाखाली पोचत नाही."

"पण बाई, वाळूने माणूस कसा मरेल?" शेडमास्तर म्हणाला. "आणि गाडी तर मेलेली होती. सगळ्यांनी पाहिलंय."

गाडी मेलेली होती, एवढं सगळेच खरं सांगत होते आणि त्या खऱ्या बोलण्यातून एक अशक्य गोष्ट तयार होत होती. मेलेल्या गाडीने माणूस मारला होता.

५

बाईंचे वडील ट्रामचे ड्रायव्हर होते. ते जाऊन बारा वर्षं झाली होती. घरी आता त्या आणि आई. आईला ऐकू कमी येत असे, पण ऐकायचं असेल ते बरोबर ऐकू येई.

"घंटावाला गेला म्हणे," संध्याकाळी आई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या हाताखाली शिकलेला. तोही उडी मारायचा का गं?"

"कसली उडी?"

"गाडीतून उतरताना. दोन्ही पाय जोडून. तुझे बाबा साठाव्या वर्षीही तशीच मारायचे. मी म्हणायचे, अहो, गुडघे फुटतील. तर म्हणायचे, गुडघे फुटलेले परवडतील."

बाईंच्या हातातली पट्टी टेबलावर पडली.

"आई, उडी का मारायचे?"

"अगं, सुरुवातीच्या गाड्या चार चाकांच्या. एकदा चढावर वाळू फार पडली, चारही चाकं वाळूवर चढली आणि दिवे गेले. कंडक्टरला वाटलं, गाडी मेली. खाली उतरून दांडा धरला तो तिथेच चिकटला. तेव्हापासून नियम झाला. वाळू पडली असेल तर गाडीला नि जमिनीला एकाच वेळी शिवायचं नाही. उतरायचं तर हात सोडून उडी. पुढे आठ चाकांच्या गाड्या आल्या, तेव्हा मागच्या चाकांना वाळू ठेवलीच नाही. तुझे बाबा म्हणायचे, मागची चाकं लोखंडावरच राहिली पाहिजेत, तिथून वीज घरी जाते. धोका गेला, उडी तेवढी राहिली."

वीज घरी जाते. बाईंनी हे कॉलेजात शिकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि वडिलांच्या उड्यांना हसलंही होतं. वीज तारेतून गाडीत येते, चाकांवाटे रुळात उतरते आणि परत जाते. कोरडी वाळू वीज जाऊ देत नाही. आठही चाकं वाळूवर चढली की परतीची वाट बंद. वाट बंद म्हणून दिवे विझतात, पंखे थांबतात, गाडी मेल्यासारखी दिसते. मात्र दांडी वर तारेला टेकलेलीच असते. मेलेल्या गाडीच्या अंगभर सहाशे व्होल्ट दबा धरून बसतात आणि घरी जायची वाट शोधत राहतात. ओल्या काँक्रीटवर उभा असलेला, टाचेला खिळे असलेला आणि उघड्या स्टीलच्या खांबाला हात घालणारा माणूस, ही झाली वाट.

काकांना हे ठाऊक होतं. त्यांनी वाळू पाहिली असती तर खांबाला हात लावला नसता. झालरीआड त्यांना ती दिसलीच नाही.

आणि परवा सगळा मार्ग धुतलेला असणार होता. एखादा कुत्रा आडवा आला, ड्रायव्हरने ब्रेक मारला, दिवे गेले, की शाळेच्या बाई म्हणणार, चला मुलांनो, एकेक करून उतरा, खांब नीट धरा.

बाई उठून खिडकीशी गेल्या. वाळू झाडायची असते, हे फक्त उडीचं कारण माहीत असलेल्यालाच सुचलं असतं. यार्डात काका सोडून कुणी उडी मारत नव्हतं. शेडमास्तर मघाशी एकेक पाय टाकत उतरला होता. डिझायनर खांबाला धरून.

मग त्यांना धप्पकन वाजलेले दोन बूट आठवले.

६

गुरुवारी साडेअकराला बाईंनी साहेब, डिझायनर आणि शेडमास्तर या तिघांना यार्डात बोलावलं. काँक्रीट धुऊन ओलं केलं होतं. मंजुरीचा कागद त्यांनी सात नंबरच्या गाडीत, दाराजवळच्या सीटवर ठेवला होता.

"शेवटची ब्रेकचाचणी," त्या म्हणाल्या. "मग आत बसून सही करते."

शेडमास्तरने गाडी आणली. तीनदा घंटा वाजवली; त्याने ती आयुष्यात पहिल्यांदाच तीनदा वाजवली असेल. मग ब्रेक. झालरीआड वाळू सर्रकन सुटली. पुन्हा थोडं पुढे, पुन्हा ब्रेक. बाईंनी रुमालाने कपाळ टिपलं. त्याच क्षणी दिवे गेले, पंख्यांचा आवाज खाली खाली जात थांबला, आणि दारावर हिरवा दिवा लागला. शेडमास्तर आपल्या जागेवरून हलला नाही.

पाण्याचा एक ओघळ रुळाकडे चालला होता.

"बंद पडली," बाई म्हणाल्या. "काही हरकत नाही. साहेब, खांब धरून वर चढा आणि तेवढा कागद द्या."

साहेब हलले नाहीत.

"तुम्हीच म्हणालात, दिवे बंद म्हणजे गाडी मेलेली."

"शेडमास्तर आहे ना आत. तो देईल."

"त्यांना मी जागेवर बसायला सांगितलंय. बारा वाजत आलेत, साहेब. आठ महिने थांबलात, आणि आता चार पावलं?"

साहेबांच्या ओठांवर घाम दिसत होता. त्यांची नजर दाराच्या खांबावरून सुटत नव्हती.

"मी देते ना," डिझायनर वैतागून म्हणाली. "एका कागदासाठी काय चाललंय." ती ओल्या काँक्रीटवरून तरातरा गेली आणि तिने खांबाकडे हात नेला.

साहेबांनी झेप घेऊन तिला दंडाला धरून मागे ओढलं. दोघंही पाण्यात पडले. तिचा चष्मा घरंगळत गेला.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "लावू नकोस, मरशील."

बाई शांतपणे पुढे गेल्या. त्यांनी उघड्या स्टीलच्या खांबाला हात लावला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या.

"रुमाल ही माझी खूण होती, स्विचघरातल्या माणसाने तेव्हाच तार बंद केली," त्या म्हणाल्या. "आता हिच्यात काही नाही. पण परवा दुपारपर्यंत तुम्ही वाळूच्या नियमाला हसत होता, साहेब. आज त्या नियमाने एक जीव वाचवलात. कुठे शिकलात?"

७

साहेब पाण्यातच बसून राहिले.

"मंगळवारी सकाळी काकांनी सोळाव्या हरकतीचं पान दिलं," ते म्हणाले. "आठही चाकांना वाळू नको, मागची चार मोकळी ठेवा. मी वाचलं होतं. पटलं नव्हतं. मागची चार मोकळी ठेवली की पुन्हा ब्रेक चार मीटर लांब, पुन्हा दोन महिने. म्हटलं, स्वतः करून बघू, म्हणजे तोंडावर सांगता येईल. पाचव्या ब्रेकला दिवे गेले. मला वाटलं, फ्यूज. मी खिडकीतून हाक मारली, काका, गाडी बंद पडली, जरा वर या."

"तुम्ही हाक मारलीत," शेडमास्तर दारातून म्हणाला.

"ते हसतच आले. खांब धरला." त्यांनी ओला हात पँटला पुसला. "मग मला ते पान कळलं. दांडी पाडली, उडी मारली, नाडी पाहिली. काही उरलं नव्हतं. मग झडपा उघडून झाडलं. वाटलं, शुक्रवार होऊन जाऊ दे, नंतर गुपचूप बदलू. रोज एवढे ब्रेक कुठे लागतात? तेव्हापासून पायच असे झालेत. उतरताना आपोआप जुळतात."

"आणि दुखणं लपवल्याची बोंब?" शेडमास्तरने विचारलं. "ताईने दोन रात्री त्यांची जुनी प्रिस्क्रिप्शनं शोधण्यात घालवली. कुठे काही लिहिलंय का ते बघत."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांनी खिशातलं पाकीट काढून त्यातून चार घड्या घातलेलं पान पुढे केलं. त्यांना ते फाडता आलं नव्हतं.

डिझायनरला चष्मा सापडला होता, पण ती तो लावत नव्हती. "झालर नसती तर काकांना वाळू दिसली असती," ती म्हणाली. "हो ना, मॅडम?"

"हो. तुमची गाडी खरंच तरंगली. जमिनीशी तिचा संबंधच उरला नाही." बाईंनी खांबावर बोट वाजवलं. "पण एकट्या झालरीने काही झालं नसतं. एकट्या वाळूनेही नाही. आणि खांबावर पिवळं आवरण असतं, तर दोन्ही असूनही काका वर चढून म्हणाले असते, साहेब, दिवे का गेले?"

पोलिसांना बोलवायला शेडमास्तर गेला. बाई गाडीत शिरल्या, सीटवर बसल्या. कागद छापील होता. तळाशी दोन पर्याय असत, हरकत आहे, हरकत नाही. नको तो खोडायचा. एकवीस वर्षांत त्यांच्या पेनाला 'आहे' खोडायची इतकी सवय झाली होती की आत्ताही ते तिकडेच वळलं. त्यांनी हात आवरला आणि 'नाही' खोडलं.

खाली कारणांसाठी जागा होती. तिथे त्यांनी काकांची सोळावी हरकत शब्दाला शब्द उतरवून काढली. मग लिहिलं, जबाबदार निर्णय तीन. आठही चाकांना वाळू, मुख्य इंजिनिअर. चाकं झाकणारी झालर, डिझायनर. तिसऱ्यासाठी त्यांनी पिशवीतून जुनी फाईल काढली. आदल्या रात्री ती उघडून पाहिली होती, तरी पुन्हा पाहिली. दाराचे खांब उघड्या स्टीलचे ठेवण्यास हरकत नाही. खाली सही, स्पष्ट, वळणदार. काढायला चार सेकंद लागले असतील.

त्यांनी तिसऱ्या निर्णयापुढे स्वतःचं पद आणि नाव लिहिलं, आणि त्याच वळणाने सही केली.

बाहेर पाईपवाली वाळू झाडत होती. तार बंद होती, दांडी खाली होती, रूळ दोन्ही बाजूंनी चकचकीत दिसत होता. हे सगळं बाईंना दारातून स्पष्ट दिसलं. त्या तिथे क्षणभर थांबल्या, खांबावरचा हात काढला, दोन्ही पाय जोडले आणि उडी मारली.